गिरवता गिरवता

मराठी घरात मूल पहिल्यांदा हातात पेन्सिल धरते ती गिरवण्यासाठी. आई किंवा आजोबा पाटीवर ठळक ‘ग’ काढून देतात आणि मूल त्याच्यावरून पेन्सिल फिरवत राहते. पहिल्या काही फेऱ्यांत रेष बाहेर जाते, गाठ वाकडी होते, कान्याची उंची चुकते. विसाव्या-पंचविसाव्या फेरीला कधीतरी हाताला अक्षराचे वळण कळते, आणि मग आजोबांचा ‘ग’ पुसला तरी चालतो. पुढे त्याच मुलाचे अक्षर आजोबांपेक्षा वेगळे होते, त्याचे स्वतःचे होते. ‘गिरवू नकोस, आधी स्वतःचे अक्षर शोध’ असे पहिलीतल्या मुलाला कुणी सांगत नाही.

चित्रकलेत मात्र आपण नेमके हेच सांगत आलो आहोत. ‘कॉपी’ या शब्दाला आपल्याकडे परीक्षेतल्या चिठ्ठ्यांचा वास आहे. ‘नक्कल करायलाही अक्कल लागते’ हे वाक्य आपण टोमणा म्हणून वापरतो, पण चित्रकाराच्या बाबतीत ते अक्षरशः खरे आहे. थोरांच्या चित्रांची प्रतिकृती करणे आणि समोर बसलेल्या जिवंत माणसाचे रेखाटन करणे, या दोन अभ्यासांवर चित्रकारांच्या अनेक पिढ्या घडल्या. या क्षेत्रात नव्याने पाऊल टाकणाऱ्यासाठी ही प्रस्तावना लिहिताना एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. हे दोन अभ्यास वेगळे नाहीत. एकाशिवाय दुसरा अर्धाच कळतो. हे मला कसे कळले ते पुढे येईलच. आधी या विद्येची वंशावळ थोडी पाहू.

१५८० साली गोव्याहून जेझुइट पाद्री अकबराच्या दरबारात गेले. त्यांच्याबरोबर आणि त्यांच्यामागून युरोपातली छापील चित्रे मोगल चित्रशाळेत पोचली. १६००च्या सुमारास अबुल हसन नावाच्या मुलाने त्यातल्याच एका चित्राची प्रतिकृती केली. तेव्हा त्याला तेरावे वर्ष चालू होते. समोर होते जर्मन चित्रकार अल्ब्रेख्त ड्यूररचे १५११ सालचे क्रूसारोहणाचे मुद्राचित्र. मुलाने क्रूस घेतला नाही, भोवतालची माणसे घेतली नाहीत. घेतला फक्त हात गुंफून वर पाहणारा संत योहान आणि त्याच्या अंगरख्याच्या जड चुण्या. आज हे चित्र ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयात आहे. ड्यूररच्या कोरलेल्या आडव्या-उभ्या रेषांचे जाळे या मुलाने कुंचल्याच्या टोकाने पुन्हा विणले आहे, आणि ते विणताना कापडाचे वजन कुठून लोंबते हे त्याला उमगलेले दिसते. हाच मुलगा पुढे जहांगीराचा लाडका चित्रकार झाला आणि ‘नादिर-उझ-जमान’ ही पदवी त्याला मिळाली.

आता उलटा प्रवास पाहा. अर्ध्या शतकानंतर, १६५६ ते १६६१ या काळात, ॲमस्टरडॅममध्ये पन्नाशीचा रेम्ब्रांट मोगल लघुचित्रांच्या प्रतिकृती करत बसला होता. डच व्यापाऱ्यांच्या जहाजांमधून ही चित्रे तिकडे गेली होती. जहांगीर, शाहजहान, झाडाखाली बसलेले चार वृद्ध अशी त्याने केलेली वीसहून अधिक रेखाटने आज शिल्लक आहेत, बहुतेक पौर्वात्य कागदावरची. झाडाखालच्या त्या वृद्धांची मांडणी त्याच्या १६५६च्या अब्राहम आणि देवदूतांच्या मुद्राचित्रात दिसते. युरोपात नावारूपाला आलेला, हाताखाली विद्यार्थ्यांच्या पिढ्या गेलेला माणूस पन्नाशीत अनोळखी देशाच्या अनोळखी शैलीपुढे पाटी घेऊन बसतो, यातली नम्रता मला त्याच्या मोठमोठ्या तैलचित्रांइतकीच मोलाची वाटते.

चीनमध्ये शिए हे नावाच्या लेखकाने सहाव्या शतकाच्या सुमारास चित्रकलेचे सहा नियम सांगितले. त्यातला सहावा नियम जुन्या चित्रांच्या अनुकरणातून परंपरा पुढे नेण्याचाच आहे. इटलीत चेन्निनो चेन्निनीने आपल्या ग्रंथात शिकाऊ चित्रकाराला एकच चांगला गुरू निवडून त्याची चित्रे रोज काढायला सांगितली. लिओनार्डोने क्रम घालून दिला: आधी चांगल्या चित्रकाराची रेखाटने, मग शिल्पे, मग प्रत्यक्ष माणूस. एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये शार्ल बार्ग याने चित्रकार जेरोमच्या साहाय्याने जवळजवळ दोनशे छापील पाठ काढले, विद्यार्थ्याने जसेच्या तसे उतरवण्यासाठी. व्हिन्सेंट व्हॅन गॉगने ते सगळे पाठ गिरवले, एकदा नाही, पुन्हा पुन्हा. पुढे सॅं-रेमीच्या रुग्णालयात असताना, १८८९-९० मध्ये, त्याने चित्रकार मिलेच्या चित्रांवरून वीसेक चित्रे केली. त्याच्यासमोर होती ती कृष्णधवल छापील पाने. रंग त्याने स्वतः भरला. एखादा वादक दुसऱ्याची रचना वाजवतो तसे हे काम आहे, अशा आशयाचे त्याने भावाला लिहिले होते. आपल्याकडच्या वाचकाला हे वेगळे समजावून सांगायला नको. गुरूकडून बंदिश जशीच्या तशी घेणाऱ्या गायकाला आपण चोर म्हणत नाही, तालीम घेतलेला म्हणतो.

पॅरिसचे लूव्र १७९३ साली संग्रहालय म्हणून उघडले, तेव्हापासून चित्रकारांनी तिथे ईझल लावून काम करण्याची प्रथा आहे आणि ती आजही चालू आहे. तिथला एक नियम मला फार शहाणा वाटतो. प्रतिकृती मूळ चित्राच्या मापाची असता कामा नये. ती निदान एक पंचमांशाने लहान किंवा मोठी हवी. नियम बनावट चित्रांना आळा घालण्यासाठी केलेला आहे, पण शिकणाऱ्यावर त्याचे मोठे उपकार आहेत. माप बदलले की छाप उतरवता येत नाही. प्रत्येक अंतर नव्याने मोजावे लागते, डोळ्यापासून कानापर्यंतचे नाते स्वतःच्या कागदावर पुन्हा जुळवावे लागते. चौकोन पाडून किंवा प्रोजेक्टर लावून केलेली प्रतिकृती हुबेहूब होते आणि करणाऱ्याला काहीच शिकवत नाही. साइनबोर्ड रंगवणाऱ्या कारागिराला ती सोय हवी, त्याचे पोट त्यावर आहे. अभ्यास करणाऱ्याने तिच्यापासून दूर राहावे.

महाराष्ट्रात या विद्येची सगळ्यात मोठी आणि सगळ्यात दुःखाची कहाणी अजिंठ्यात घडली. १८४४ साली मद्रास लष्करातला रॉबर्ट गिल लेण्यांतल्या चित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी आला. गिल आणि पारो यांची प्रेमकथा ना. धों. महानोरांच्या ‘अजिंठा’मुळे मराठी वाचकाला ठाऊक आहे, पण त्याच्या कामाचे काय झाले हे सहसा कुणी विचारत नाही. अंधाऱ्या लेण्यांत वर्षानुवर्षे बसून त्याने केलेली मोठी तैलचित्रे लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली गेली, आणि १८६६च्या डिसेंबरमधल्या आगीत त्यातली जवळजवळ सगळी जळाली. गिलची कबर भुसावळला आहे.

सहाच वर्षांनी काम पुन्हा सुरू झाले. या वेळी ते मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेकडे आले. १८५७ साली सुरू झालेल्या या शाळेतले शिक्षक जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून विद्यार्थ्यांच्या तुकड्या घेऊन अजिंठ्याला जात राहिले आणि १८८५ पर्यंत सुमारे तीनशे प्रतिकृती तयार झाल्या. पेस्तनजी बोमनजी हे त्या तुकड्यांतले ठळक नाव. या प्रतिकृती लंडनला साऊथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात गेल्या, आणि १८८५ साली तिथेही आग लागली. शंभराहून अधिक जळाल्या. उरलेल्या आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. ग्रिफिथ्स यांचे दोन खंडांचे पुस्तक १८९६-९७ मध्ये निघाले म्हणून जगाला अजिंठा निदान कागदावर दिसला.

पण यातली एक गोष्ट मनाला लागून राहते. काळवंडलेली चित्रे स्पष्ट दिसावीत म्हणून प्रतिकृती करणाऱ्यांनी मूळ भिंतीवर वार्निश चढवले. ते पुढे पिवळे पडले, त्याच्यावर धूळ बसली, पापुद्रे सुटले. जे वाचवायचे होते त्यालाच इजा झाली. ती मुले काळजीने आणि कष्टाने काम करत होती, त्यांच्यावर दोष ठेवण्याची माझी इच्छा नाही. पण प्रतिकृती करणाऱ्याने मूळ चित्राला हात लावायचा नसतो, ही आज साधी वाटणारी शिस्त आपल्याला अशा किमतीने मिळाली आहे.

ग्रिफिथ्सच्या चमूने काम केले ते कॅनव्हासवर, तैलरंगांत. अजिंठ्याचे चित्र मातीच्या गिलाव्यावरच्या चुन्याच्या पातळ थरावर आहे, आणि त्याचा प्राण रेषेत आहे. युरोपीय छायाप्रकाशावर वाढलेला हात तीच रेष उतरवताना नकळत तिच्या कडेला सावली ठेवतो, आकृतीला गोलाई देतो. १९०९ ते १९११ दरम्यानच्या हिवाळ्यांत इंग्रज चित्रकर्त्री लेडी हेरिंगहॅम यांच्याबरोबर कलकत्त्याहून नंदलाल बोस, असितकुमार हालदार, के. वेंकटप्पा आले. त्यांनी तीच चित्रे उतरवली तेव्हा रेष पुन्हा रेष झाली. भिंत एकच, डोळे दोन. प्रतिकृती करणाऱ्याचे शिक्षण त्याच्या प्रतिकृतीत लपत नाही. म्हणून कलेच्या इतिहासाच्या अभ्यासकाला जुन्या प्रतिकृती मूळ चित्रांइतक्याच वाचण्याजोग्या असतात.

इथे एका जुन्या वादाची ओळख करून द्यायला हवी. कलकत्त्याच्या कलाशाळेत तिचे प्रमुख हॅवेल यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीपर्यंत युरोपीय चित्रांचा संग्रह बाजूला काढला; भारतीय मुलांनी ग्रीक पुतळे का गिरवावेत, असा त्यांचा सवाल होता. मुंबईत पुतळे राहिले, आणि १९१९च्या सुमारास ग्लॅडस्टन सॉलोमन यांनी सूत्रे हाती घेतल्यावर विवस्त्र मॉडेलवरून काम करणारा लाइफ क्लास सुरू झाला. बंगाल म्हणाला हे परकीय. मुंबई म्हणाली शरीर परकीय नसते. सॉलोमन यांनी त्याच मुलांना भित्तिचित्रेही शिकवली, आणि नवी दिल्लीच्या सचिवालयात ज.जी.च्या विद्यार्थ्यांनी रंगवलेली छते आजही आहेत. दोन्ही बाजूंनी भरपूर शाई खर्च झाली. मला वाटते भांडण गिरवण्याबद्दल नव्हतेच. बंगालच्या चित्रकारांनी अजिंठा गिरवला, बाघची लेणी गिरवली. भांडण होते कोणाला गिरवायचे याचे. आणि त्या भांडणात एक प्रश्न बाजूला पडला: गिरवताना काय कळते, आणि काय कळत नाही?

आता माझी गोष्ट. शिकत असताना मी रेम्ब्रांटच्या एका वृद्धेच्या चित्राचे छापील पान समोर ठेवून तीन आठवडे प्रतिकृती करत होतो. डोक्यावरून घेतलेले पांढरे वस्त्र, खाली झुकलेला चेहरा, उजेड एकाच बाजूने. जबड्याच्या खालच्या कडेला, अगदी सावलीत, एक उबदार तांबूस पट्टा होता. तो मी इमानदारीने उतरवला. रंग जुळवायला दोन दिवस गेले. तो पट्टा तिथे का आहे हे मी स्वतःला विचारलेच नाही. चित्रात होता म्हणून काढला. आमचे सर आले, बराच वेळ पाहत उभे राहिले आणि म्हणाले, “ठीक आहे. आता मावशींना विचार, वीस मिनिटं बसतील का.”

मावशी म्हणजे आमच्या संस्थेत झाडलोट करणाऱ्या, साठीच्या बाई. दुपारी कामे आटोपली की खिडकीखाली बसत. मी विचारले, त्या आधी हसल्या, मग पदर डोक्यावरून नीट घेऊन बसल्या. पदर फिकट होता. खिडकीतून येणारा उजेड त्यांच्या छातीवरच्या पदरावर पडत होता, आणि तिथून उसळून जबड्याच्या खालच्या बाजूला लागत होता. सावलीच्या पोटात तोच तांबूस पट्टा. मावशींनी मान जराशी वळवली की पट्टा सरके, पदर बाजूला केला की विझे. तीन आठवडे जो डाग म्हणून मी रंगवत होतो तो डाग नव्हता, कपड्यावरून परतलेला उजेड होता. रेम्ब्रांटने तो पाहिला होता. मी नुसता उतरवला होता.

दुसऱ्या दिवशी जुन्या प्रतिकृतीकडे पाहिले तेव्हा तो पट्टा चुकलेला दिसला. रंग बरोबर होता, पण कडा कापल्यासारखी होती. परतलेल्या उजेडाला तशी कडा नसते.

लाइफ क्लासविषयी बाहेर खूप कुतूहल असते आणि माहिती थोडी, म्हणून आत काय चालते ते सांगतो. मधोमध एक बुटका चौथरा. भोवती ईझल, नाहीतर विद्यार्थी ज्याच्यावर घोड्यासारखे बसतात ती लाकडी ‘डाँकी’. सुरुवातीला एक-दोन मिनिटांच्या पोझ. त्यात तपशील काढायला वेळच नसतो, शरीराचा झोक पकडायचा. मग पाच, मग वीस मिनिटे, आणि शेवटी एकच पोझ कित्येक दिवस चालणारी. मॉडेल एका पायावर भार देऊन उभी राहिली की त्या बाजूचे कंबरेचे हाड वर जाते आणि त्याच बाजूचा खांदा खाली येतो. दोन रेषा एकमेकींकडे झुकतात, मधला कणा सापासारखा वळतो. गवंड्याचा ओळंबा धरावा तशी दोरी गळ्याच्या खळीपासून सोडली, तर ती भार घेतलेल्या पायाच्या घोट्याशी येते. येत नसेल तर तुमच्या कागदावरचा माणूस पडतो आहे. नवख्याच्या पहिल्या दहा चित्रांत तो पडतोच. हात आणि कंबर यांच्यामध्ये जी रिकामी जागा असते, तिचा आकार काढायला शिकणे हा पहिला मोठा धडा. कारण हात कसा असतो हे आपल्याला ‘ठाऊक’ असते आणि ते ठाऊक असणेच डोळ्याच्या आड येते, पण रिकाम्या जागेबद्दल आपली कसलीच पूर्वसमजूत नसते.

आपल्या शिल्पशास्त्रात चेहऱ्याच्या लांबीला ताल म्हणतात आणि मूर्ती किती तालांची असावी याची कोष्टके आहेत. देवमूर्तींसाठी नवताल प्रसिद्ध आहे. युरोपीय पुस्तके साडेसात डोक्यांचा माणूस सांगतात. ही मापे उपयोगी आहेत, पाठ करावीत. पण समोरची मॉडेल यापैकी कुठल्याही कोष्टकात बसत नाही. तिची मान आखूड असते, डावा खांदा आयुष्यभर हंडा वाहून उतरलेला असतो, गुडघे पुढे आलेले असतात. पाठ केलेले माप आणि समोर दिसणारे माप यांच्यातला फरक कागदावर येतो, तेव्हा तो माणूस ‘कोणीतरी’ होतो.

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी घ्या. गाभाऱ्याकडे जाताना डाव्या हाताच्या भिंतीवर तो आहे: त्रिभंगात उभा, उजव्या हातात निळे कमळ, मान कललेली, पापण्या झुकलेल्या. विद्यार्थ्यांना मी आधी त्याचा फक्त एक हात, खांद्यापासून मनगटापर्यंत, काढायला सांगतो. सगळ्यांचा बरा येतो. मग तोच झोक देऊन जिवंत मॉडेलला उभे करायचे. खांद्याचा स्नायू रेषेला मध्येच मोडतो. कोपराचे हाड टोचून बाहेर येते. पाच-सात मिनिटांत खांदा थकून खाली ढळतो आणि बोटे जड होतात. हे सगळे काढून झाल्यावर पुन्हा पद्मपाणीकडे वळले की विद्यार्थी गप्प होतात. तो हात हत्तीच्या सोंडेसारखा एका वळणात उतरतो आहे. कोपर नाही, ताण नाही, थकवा नाही. चित्रकाराला कोपर माहीत नव्हते असे कोण म्हणेल? त्याच लेण्यांत भाजी-भाकरीच्या जगातली माणसेही त्याने काढली आहेत. इथे त्याने कोपर गाळले. करुणेने उभ्या असलेल्या बोधिसत्त्वाच्या हाताला थकवा येत नाही, म्हणून गाळले. नुसती प्रतिकृती करणाऱ्याला चित्रात काय आहे ते कळते. काय गाळले आहे ते कळायला जिवंत हात पाहिलेला असावा लागतो.

अमृता शेरगिलच्या वाटेकडे मी असेच पाहतो. १९२९ पासून पाच वर्षे पॅरिसमध्ये तिने मॉडेलवरून कसून काम केले, हाडामांसाचा माणूस रंगवायला शिकली. मग १९३६-३७च्या हिवाळ्यात अजिंठा पाहिला, आणि त्यानंतरच्या ‘ब्राइड्स टॉयलेट’, ‘ब्रह्मचारी’ या चित्रांत आकृती एकदम शांत झाल्या, रेषा मोठी झाली, तपशील गळाले. पॅरिसचा लाइफ क्लास नसता तर तिला अजिंठ्यात एवढे दिसले असते, असे मला वाटत नाही.

मॉडेलविषयी बोलल्याशिवाय ही प्रस्तावना प्रामाणिक होणार नाही. योहान झोफनीने १७७१-७२ मध्ये लंडनच्या रॉयल अकादमीचे एक चित्र रंगवले. दिव्यांच्या उजेडात पुरुष मॉडेलला पोझ देण्याचे काम चालू आहे आणि भोवती अकादमीचे सभासद जमले आहेत. अँजेलिका कॉफमन आणि मेरी मोझर या दोन स्त्रियाही संस्थापक सभासद होत्या. पण विवस्त्र पुरुषासमोर स्त्रिया कशा दाखवणार? म्हणून झोफनीने त्यांना भिंतीवरच्या तसबिरींत बसवले. त्या खोलीत त्या हजर आहेत त्या फक्त चित्र होऊन. अकादमीतल्या विद्यार्थिनींना मॉडेलवरून, तेही अंशतः वस्त्र नेसलेल्या, काम करण्याची परवानगी मिळायला १८९३ साल उजाडले. स्त्री चित्रकारांनी दोनशे वर्षे स्थिरचित्रे आणि व्यक्तिचित्रेच का केली, असा प्रश्न विचारणाऱ्यांनी हे चित्र एकदा पाहावे.

आणि चौथऱ्यावर उभी राहणारी बाई? आपल्याकडे ती बहुधा गरजेपोटी येते आणि शेजारीपाजारी वेगळेच काहीतरी काम सांगते. रवी जाधव यांचा ‘न्यूड’ हा मराठी चित्रपट तिच्याबद्दलच आहे. २०१७ साली गोव्याच्या चित्रपट महोत्सवातून तो ऐनवेळी वगळण्यात आला आणि पुढच्या वर्षी प्रेक्षकांपर्यंत पोचला. मॉडेल वस्तू नाही, आपली सहकारी आहे. पोझ किती वेळ धरायची हे ती ठरवते. दर वीस मिनिटांनी विश्रांती, अंगावर घ्यायला वस्त्र, कपडे बदलायला बंद खोली, वेळेवर आणि पुरेसे मानधन या गोष्टी सवलती नव्हेत, या वर्गाच्या पायातले दगड आहेत. वर्गात मोबाइल बाहेर निघत नाही. पोझ सुधारायची तर शब्दांनी सांगायचे, हात लावायचा नाही. तिला ‘ताई’, ‘मावशी’ म्हणून आदराने बोलवायचे. हे ज्याला जमत नाही त्याने फळांचे चित्र काढावे.

आजच्या विद्यार्थ्याची अडचण माझ्यापेक्षा वेगळी आहे. मला एक छापील पान मिळवायला महिने लागत. त्याच्या खिशात जगातली सगळी चित्रे आहेत. पण पडदा आतून उजळतो. त्यात सावल्या खोटे बोलतात, माप कळत नाही, रंगाचा थर दिसत नाही. म्हणून आठवड्यातून नाही तर महिन्यातून एकदा तरी खऱ्या चित्रासमोर जा. मुंबईकरांना छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आणि राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय जवळ आहे. कोल्हापुरात चंद्रकांत मांढरे कलासंग्रहालय आहे. आणि सातारा जिल्ह्यात औंधला जाच. स्वतः चित्रकार असलेल्या भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ साली डोंगरावर उभारलेल्या श्रीभवानी संग्रहालयात रविवर्म्याची मूळ चित्रे आणि पाश्चात्त्य चित्रांच्या प्रतिकृती एकाच छपराखाली आहेत. युरोपला जाणे ज्यांना शक्य नाही त्यांनाही थोर चित्रे मोठ्या मापात पाहता यावीत, यासाठी एका छोट्या संस्थानाच्या राजाने प्रतिकृतींना ही जागा दिली, असेच मला ते पाहताना वाटते.

आपल्याकडे लाखो मुले एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसली आहेत. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र हे शब्द त्यांना पाठ आहेत. त्यांच्यापैकी बहुतेकांनी पुढे पेन्सिल सोडली. हे पुस्तक त्यांच्याही हाती पडावे अशी माझी मनापासून इच्छा आहे. वय आड येत नाही. रेम्ब्रांट पन्नाशीचा होता. स्मरणचित्राची जुनी सवय इथे फार कामाला येते. प्रतिकृती झाली की मूळ चित्र पालथे घाला आणि आठवणीतून पुन्हा काढा. जे आठवत नाही ते पाहिले नव्हते असे समजा, आणि त्या जागेसाठी जिवंत माणसाकडे जा.

प्रतिकृतीवर स्वतःचे नाव घालताना खाली मूळ चित्रकाराचे नाव ‘अमक्यावरून’ असे लिहून द्या. ते ऋण आहे, लपवू नका. प्रतिकृती विकायला काढू नका, अभ्यास म्हणून जपून ठेवा. पहिल्या वर्षाचे एकही पान फाडू नका, कितीही वाईट वाटले तरी.

सुरुवात आजच करता येईल. घरात दुपारी कुणी वर्तमानपत्र वाचत बसले असेल, भाजी निवडत असेल. त्यांना विचारा, वीस मिनिटे बसाल का. बहुतेक जण आधी हसतील आणि मग बसतील. उजेड कुठून येतो ते पाहा, भार कुठे पडला आहे ते पाहा, आणि काढा. कागदाच्या कोपऱ्यात तारीख घाला.